रमजान आणि चांद्र कालगणना : एक अभ्यासपाठ

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या वसतिगृहात इयत्ता नववीत एक मुसलमान विद्यार्थी शिकत होता. दुपारच्या पंक्तीत त्याचे ताट मांडले जात नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानी यावयास तब्बल अकरा दिवस लागले. चौकशी केली तेव्हा कळले, की रमजानचा महिना सुरू झाला असून तो रोजे धरीत आहे. पहाटे स्वयंपाकघर बंद असे, म्हणून रात्रीच्या जेवणातील एक पोळी तो कागदात गुंडाळून ठेवी आणि पहाटे अंधारात पाण्याबरोबर खाई. आधी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, "सर, घंटा सगळ्यांची एकच आहे ना!"

दर पौर्णिमेला उपोसथाचे महत्त्व विद्यार्थ्यांना समजावून सांगणाऱ्या आम्हां शिक्षकांना आपल्याच पंक्तीतला उपवास दिसला नाही, याची खंत आम्हांस वाटली. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने निरागसपणे विचारले, "सर, त्यांचा महिना दरवर्षी मागे मागे का येतो? त्यांचे पंचांग चुकते का?" त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. ते पूर्ण करण्यासाठी हा पाठ स्मरणिकेत देत आहोत. रमजानचे मागे सरकणे ही गणिताची चूक नाही. तो विचारपूर्वक केलेला निर्णय आहे, आणि त्यामागे समतेचा एक अर्थ आहे, हे या पाठात आपण पाहू.

चंद्राचा हिशेब

चंद्राला एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे आणि ३ सेकंद लागतात. दिवस अर्धा मोजता येत नाही, म्हणून चांद्र महिना कधी २९ दिवसांचा, तर कधी ३० दिवसांचा धरावा लागतो. अशा बारा महिन्यांचे मिळून सुमारे ३५४ दिवस आणि ९ तास होतात. ऋतू मात्र सूर्याच्या अधीन आहेत आणि ऋतूंचे एक आवर्तन सुमारे ३६५ दिवस ६ तासांत पूर्ण होते. म्हणजे बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे.

हा अकरा दिवसांचा फरक प्राचीन काळापासून अनेक संस्कृतींना ठाऊक होता. तो मिटवावा, की तसाच राहू द्यावा, या प्रश्नाला मात्र वेगवेगळी उत्तरे दिली गेली. आपल्या भारतीय पंचांगांनी तो मिटविला. ज्या चांद्र महिन्यात सूर्याचे संक्रमण होत नाही, तो महिना अधिक धरावयाचा. एकोणीस वर्षांत असे सात अधिक मास येतात आणि चंद्र व सूर्य यांचा मेळ पुन्हा बसतो. सन २०२३ मध्ये आलेला अधिक श्रावण, ज्याला खेड्यापाड्यांत धोंडा म्हणतात, आपणांस आठवत असेल.

हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. याचा परिणाम काय होतो, हे चार वर्षांच्या तारखांवरून सहज दिसते. बुद्धपौर्णिमा २०२२ मध्ये १६ मे रोजी, २०२३ मध्ये ५ मे रोजी, २०२४ मध्ये २३ मे रोजी आणि २०२५ मध्ये १२ मे रोजी आली. ती पुढेमागे झाली, पण वैशाखाचे ऊन तिने सोडले नाही. आपल्या देशात रमजानचा पहिला रोजा मात्र याच चार वर्षांत अनुक्रमे ३ एप्रिल, २४ मार्च, १२ मार्च आणि २ मार्च रोजी झाला. तो प्रत्येक वर्षी दहा ते बारा दिवस मागे सरकला आणि पुन्हा पुढे आला नाही. असा मागे सरकत तो सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून मूळ जागी येतो. १९९७ साली रमजानचा आरंभ जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा, असा दोनदा झाला होता. तेहतीस वर्षांनी, २०३० साली, तसेच पुन्हा घडणार आहे.

महिन्यांची नावे आणि ऋतू

हिजरी वर्षाचे बारा महिने असे आहेत : मुहर्रम, सफर, रबीउल अव्वल, रबीउल आखिर, जमादिउल अव्वल, जमादिउल आखिर, रजब, शाबान, रमजान, शव्वाल, जिल्काद आणि जिल्हिज. रमजान हा नववा महिना होय.

यांपैकी काही नावांत ऋतू दडलेले आहेत. 'रमजान' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा अर्थ होरपळविणारी उष्णता असा आहे. 'रबी' म्हणजे वसंत. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडचा 'रब्बी' हंगाम हा याच शब्दाचा भाऊ. वसंतात कापणीला येणारे ते रब्बीचे पीक. 'खरीप' हा शब्दही अरबी असून त्याचा अर्थ शरद ऋतू असा होतो. यावरून दिसते, की ही नावे पडली तेव्हा अरबस्तानातील महिने ऋतूंशी बांधलेले होते. पुढे ऋतू सुटले आणि नावे तेवढी राहिली. हे बंधन का सुटले?

अधिक मास का नाकारला गेला?

इस्लामपूर्व अरबस्तानातही अधिक मास होता, असे जुने अरब इतिहासकार सांगतात. त्या पद्धतीला 'नसी', म्हणजे पुढे ढकलणे, असे नाव होते. महिना केव्हा वाढवावयाचा हे ठरविण्याचा अधिकार किनाना टोळीतील एका घराण्याकडे होता आणि यात्रेसाठी जमलेल्या लोकांपुढे त्या घराण्यातील पुरुष तशी घोषणा करीत असे. वर्षातील चार महिने पवित्र मानले जात आणि त्या काळात युद्ध निषिद्ध असे. म्हणून कोणता महिना पवित्र आणि कोणता नाही, हे ठरविणे म्हणजे शस्त्र केव्हा उचलता येईल हे ठरविणेच होते. यात्रा व्यापाराला सोयीच्या ऋतूत यावी, हाही हेतू सांगितला जातो. कालगणना अशा रीतीने थोड्या लोकांच्या हातचे साधन झाली होती.

कुराणाच्या नवव्या अध्यायात वर्षाचे महिने बाराच असल्याचे सांगून 'नसी'चा निषेध केलेला आहे. इसवी सन ६३२ मध्ये प्रेषित मुहम्मद पैगंबरांनी केलेल्या अखेरच्या हज यात्रेतील प्रवचनातही हा विषय आला, असे परंपरा मानते. तेव्हापासून मुस्लिम समाजाने अधिक मास वर्ज्य केला. पुढे सुमारे सहा वर्षांनी खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत वर्षे मोजण्यासाठी मक्केहून मदिनेस झालेल्या स्थलांतराचे, म्हणजे हिजरतीचे, वर्ष आरंभ म्हणून स्वीकारले गेले. त्या वर्षाचा पहिला दिवस १६ जुलै ६२२ हा धरला जातो.

या निर्णयाचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की महिन्याचा आरंभ कोणा घराण्याच्या घोषणेवर न राहता आकाशातील कोरीवर आला. ती कोर मेंढपाळालाही दिसते आणि सरदारालाही. कोर पाहिल्याची वाळवंटातील एका साध्या बदूची साक्ष पैगंबरांनी मान्य केली आणि उपवासास प्रारंभ करावयास सांगितले, अशी कथा परंपरेत प्रसिद्ध आहे.

दुसरा परिणाम भूगोलाचा आहे. रोजा पहाटेच्या पहिल्या उजेडापासून सूर्यास्तापर्यंत असतो. आपल्या महाराष्ट्रात तो हिवाळ्यात सुमारे साडेबारा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचौदा तासांचा भरतो. लंडनमध्ये मात्र तो हिवाळ्यात दहा तासांच्या आसपास, तर जूनमध्ये अठरा तासांच्याही पुढे जातो. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये याच्या उलट, डिसेंबरचे दिवस मोठे असतात. रमजान डिसेंबरात कायमचा बांधला असता, तर उत्तरेकडील लोकांना सदैव सोपा आणि दक्षिणेकडील लोकांना सदैव कठीण उपवास घडला असता. जूनमध्ये बांधला असता, तर हेच उलटे झाले असते. फिरत्या महिन्यामुळे हे ओझे कोणा एकाच्या माथी कायमचे बसत नाही. पंधराव्या वर्षी रोजे धरू लागलेला मनुष्य अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत थंडी, ऊन आणि पाऊस या सर्वांतून एकेकदा उपवास करून गेलेला असतो, मग तो कोणत्याही देशाचा असो.

विनयपिटकातील एक प्रसंग

मग आपल्या परंपरेने अधिक मास स्वीकारला, तो चुकला काय? तसेही नाही. विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाच्या प्रकरणी एक लहानसा प्रसंग आहे. मगधाचा राजा बिंबिसार याची इच्छा होती, की त्या वर्षी वर्षावासाचा आरंभ पुढच्या पौर्णिमेपर्यंत लांबवावा. त्याने भिक्षूंकडे तसा दूत पाठविला. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी या बाबतीत राजाच्या म्हणण्याप्रमाणे वागण्याची अनुज्ञा भिक्षूंना दिली. पुढच्या पौर्णिमेची ही मागणी म्हणजे व्यवहारात अधिक मासाचाच स्वीकार होय. त्याच ग्रंथात उपोसथाच्या प्रकरणी आणखी एक उल्लेख आहे. आज पक्षाची कितवी तिथी, असे लोक विचारीत आणि भिक्षूंना सांगता येत नसे. म्हणून पक्षगणना शिकण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली.

या दोन अनुज्ञांमागील कारण स्पष्ट आहे. वर्षावास हा नावाप्रमाणेच पावसाशी बांधलेला आहे. पावसाळ्यात चारिका केल्यास कोवळी तृणे आणि लहान जीव पायांखाली चिरडले जातात, म्हणून एका ठिकाणी राहावयाचे. वर्षावास सरकत सरकत उन्हाळ्यात गेला, तर त्याचा हेतूच नाहीसा होईल. म्हणून तेथे चंद्र आणि सूर्य यांचा मेळ आवश्यक ठरला. रमजानच्या उपवासाचा हेतू कोणत्याही ऋतूशी बांधलेला नाही, म्हणून तेथे तो मेळ आवश्यक ठरला नाही. कालगणना हे साधन आहे. एकाच्या साधनाने दुसऱ्याचे साधन चूक ठरविणे, म्हणजे फूटपट्टीने धान्य मोजू पाहणे होय.

शेतीचा काळ सूर्याकडे

अधिक मास नाकारणाऱ्यांना सौर वर्षाचे ज्ञान नव्हते, असाही एक गैरसमज आढळतो. इतिहास वेगळे सांगतो. इसवी सन १००० च्या सुमारास ख्वारिझमच्या अल्-बिरूनीने निरनिराळ्या राष्ट्रांच्या कालगणनांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि पुढे भारतविषयक ग्रंथात आपल्या अधिक मासाचेही विवेचन केले. १०७९ साली सेल्जुक सुलतान मलिकशहाच्या काळात इराणमध्ये 'जलाली' नावाचे सौर पंचांग सुरू झाले. ते सिद्ध करणाऱ्या ज्योतिर्विदांत उमर खय्याम होता. हे पंचांग अचूकपणासाठी आजही वाखाणले जाते.

सौर वर्षाची गरज शेतीमुळे पडे. पीक सूर्याच्या गतीने पिकते, सारा पिकावर द्यावयाचा असतो. चांद्र वर्षाने सारा वसूल केला, तर सुमारे तेहतीस वर्षांत रयतेकडून एका वर्षाचा सारा जास्तीचा घेतला जाईल. म्हणून उपवास व सण चंद्राने मोजावेत आणि जमीनमहसूल सूर्याने, अशी विभागणी अनेक मुस्लिम राज्यांत झाली.

या विभागणीचा पुरावा आपल्या मराठी कागदपत्रांतच आहे. दख्खनमध्ये 'शुहूर सन' नावाची कालगणना प्रचलित होती. तिचा आरंभ चौदाव्या शतकात, १३४४ च्या सुमारास झाला असे मानले जाते. त्या वेळी चालू असलेला हिजरी सनाचा आकडाच तिने घेतला, पण वर्ष सौर केले. सूर्य मृग नक्षत्रात शिरला, की हे वर्ष बदले, म्हणून यास 'मृगसाल' असेही म्हणत. शेतकऱ्याच्या पेरणीचा तोच मुहूर्त. पेशवेकालीन पत्रांत 'इहिदे सितैन मया व अलफ' असे शब्द आढळतात. हे अरबी संख्यावाचक शब्द असून त्यांची बेरीज एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१ होते. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले, की १७६०-६१ हे इसवी सन मिळते. हेच पानिपतच्या युद्धाचे वर्ष. त्या वेळी हिजरी सन मात्र ११७४ चालू होता. चौदाव्या शतकात बरोबरीने निघालेल्या दोन आकड्यांत सव्वाचारशे वर्षांनी तेरा वर्षांचे अंतर पडले होते. चांद्र वर्ष पुढे धावते, ते असे.

गंमत अशी, की वर्ष सौर लिहिणारे हेच कारकून त्याच पत्रात दिवस व महिना चांद्र हिजरी लिहीत आणि दिवसाच्या आकड्यापूर्वी 'छ' हे अक्षर घालीत. म्हणजे मराठेशाहीच्या पत्रांतून रमजानच्या तारखा आपल्याच मोडी लिपीत लिहिल्या गेल्या आहेत. जो महिना आज आपल्या काही विद्यार्थ्यांना परका वाटतो, तो आपल्या दप्तरांत पिढ्यान् पिढ्या मोजला जात होता.

कोर केव्हा दिसते?

शाबानच्या २९ व्या दिवशी सूर्यास्तानंतर पश्चिमेस चंद्रकोर दिसली, तर त्याच रात्रीपासून रमजान सुरू होतो. न दिसली, वा ढग असले, तर शाबानचे तीस दिवस पूर्ण करावयाचे, असा नियम आहे. हिजरी तारीख सूर्यास्तास बदलते, म्हणून रात्र आधी आणि दिवस मागाहून येतो.

अमावास्येच्या क्षणी चंद्र सूर्याच्या दिशेने असतो, म्हणून तो दिसू शकत नाही. त्यानंतर सुमारे पंधरा तासांपेक्षा कमी वेळ झाला असेल, तर कोर नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. चंद्र सूर्यापासून सुमारे सात अंशांहून कमी दूर असेल, तर कोर बनतच नाही, असा निष्कर्ष फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी विसाव्या शतकात मांडला. सूर्यास्त पूर्वेकडे आधी आणि पश्चिमेकडे नंतर होतो. म्हणून भारतात सूर्य मावळताना जी कोर फार लहान असते, ती अडीच-तीन तासांनी अरबस्तानात सूर्य मावळेपर्यंत किंचित मोठी आणि सूर्यापासून अधिक दूर झालेली असते. आपल्याकडे ईद बहुधा अरबस्तानापेक्षा एक दिवस उशिरा येते, त्याचे हे एक प्रमुख कारण. भारतात ठिकठिकाणच्या रूयत-ए-हिलाल समित्या साक्षी तपासून चंद्रदर्शन जाहीर करतात. तुर्कस्तानासारख्या देशांत हा निर्णय गणिताने आधीच केलेला असतो. डोळ्यांनी पाहावे, की गणिताने ठरवावे, याविषयी मुस्लिम विद्वानांत आजही चर्चा चालू आहे.

रोजा : शरीराचा आणि वाणीचा

रमजानमध्ये कुराणाच्या अवतरणास प्रारंभ झाला, अशी श्रद्धा आहे. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये, या महिन्याचे रोजे अनिवार्य झाले. पहाटेपूर्वी 'सहरी' करावयाची आणि सूर्यास्तास 'इफ्तार' करून उपवास सोडावयाचा. दरम्यान अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य. लहान मुले, आजारी माणसे, प्रवासी, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना सूट आहे. राहिलेले रोजे मागाहून पुरे करावयाचे, आणि ज्यांना ते कधीच शक्य नाही, त्यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावयाचे. ईदच्या नमाजापूर्वी 'फित्रा' दान करावयाचा, तो यासाठी, की सणाच्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये. खोटे बोलणे आणि निंदा न सोडणाऱ्याच्या केवळ उपाशी राहण्याला मोल नाही, अशीही शिकवण आहे.

अष्टशील ग्रहण करणाऱ्या उपासकास हे वेगळे सांगावे लागणार नाही. उपोसथाच्या दिवशी मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य असते, आणि त्याच अष्टशीलात असत्य वाणीपासून विरतीही असते. पाण्याची मुभा, वेळ आणि श्रद्धा यांत दोन्हींचा फरक आहे. तो पुसून टाकण्याचे कारण नाही. पण भुकेच्या वेळी मनाकडे पाहावे, हा धडा दोन्हीकडे आहे.

उपसंहार

त्या वर्षी बाराव्या रोज्यापासून आपल्या स्वयंपाकघरात पहाटे चार वाजता एक चूल पेटू लागली. सूर्यास्ताची वेळ फलकावर लिहिली जाऊ लागली. प्रथम दोघे-तिघे विद्यार्थी त्या मुलाजवळ बसून खजूर खात. पुढे संध्याकाळची पंक्तीच त्या महिन्यापुरती सूर्यास्ताच्या वेळेला आणली गेली. त्यासाठी कोणाला काही सोडावे लागले नाही. घंटा अर्धा तास अलीकडे आली, एवढेच. तो विद्यार्थी आज आपल्या शाळेत नाही, पण ती चूल दरवर्षी पेटते. रमजान पुढील वर्षी कधी येणार, याचा अंदाज आता आचारीमामाच आम्हांला आधी सांगतात : गेल्या वर्षीच्या तारखेतून अकरा दिवस वजा करा!

विद्यार्थी मित्रांनो, शाबानच्या २९ व्या संध्याकाळी आपल्या गच्चीवर या. सूर्य पूर्ण मावळल्यावरच पाहा. मावळण्यापूर्वी दुर्बीण सूर्याच्या दिशेने कधीही धरू नका. जेथे सूर्य बुडाला, त्याच्या थोडे वर पाहत राहा. कोर अतिशय बारीक असेल आणि तासाभराच्या आत मावळेल. या दिवसांत ती बहुधा होडीसारखी आडवी दिसते. दिसली, तर वेळ वहीत टिपा. न दिसली, तर तेही टिपा, कारण न दिसणे हीदेखील नोंदच आहे. आणि खाली उतरताना स्वयंपाकघरात एक निरोप द्या, की उद्या पहाटे चूल पेटवायची आहे, किंवा एक दिवस थांबायचे आहे.